विश्लेषण : फुप्फुस नवे, मग गाठ कशाची? सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतर ‘पीटीएलडी’चा धोका कुणाला जास्त?

फुप्फुस प्रत्यारोपणाची बातमी बहुतेक वेळा डिस्चार्जच्या फोटोपाशी संपते. पुष्पगुच्छ, डॉक्टरांची टीम, मास्क लावलेला रुग्ण. त्यानंतरच्या पहिल्या वर्षाची बातमी होत नाही. सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे ‘सीएफ’ असलेल्या तरुण रुग्णांसाठी मात्र हेच वर्ष सर्वात नाजूक असते. नव्या फुप्फुसाला शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांमुळे शरीराचा पहारा ढिला पडतो आणि वर्षानुवर्षे गप्प बसलेला एक विषाणू पांढऱ्या पेशींना बेसुमार वाढायला मोकळे रान देतो. या आजाराचे लांबलचक नाव ‘पोस्ट-ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसीज’. डॉक्टर त्याला ‘पीटीएलडी’ म्हणतात.

आजार दुर्मीळ आहे. पण तो नेमका कुणाला होण्याची शक्यता जास्त, याचा बराचसा अंदाज शस्त्रक्रियेच्या आधीच एका साध्या रक्तचाचणीतून येतो. म्हणूनच तो समजून घेणे गरजेचे आहे.

सीएफमध्ये फुप्फुस बदलायची वेळ का येते?

सीएफ हा जन्मजात, जनुकीय आजार आहे. सातव्या गुणसूत्रावरील ‘सीएफटीआर’ या जनुकात दोष असतो. हा जनुक १९८९ मध्ये सापडला. पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा नियंत्रित करणारे प्रथिन तो तयार करतो. ते बिघडले की शरीरातले स्राव चिकट, घट्ट होतात. फुप्फुसात कफ साचतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, त्यामुळे अन्न नीट पचत नाही. घाम मात्र कमालीचा खारट होतो. बाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागते, ही या आजाराची फार जुनी खूण आहे. निदानाची मुख्य चाचणीही घामाचीच असते : घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरले तर सीएफची शक्यता मोठी.

‘हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो’ असे भारतात अनेक वर्षे मानले गेले. ते खरे नाही. ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या मुलांवरून केलेले अंदाज १० हजारांत एक ते ४० हजारांत एक असे आहेत. आपल्याकडे ही मुले वारंवार होणारा न्यूमोनिया, दमा, कुपोषण किंवा टीबी या नावांखाली वर्षानुवर्षे फिरत राहतात.

फुप्फुस पूर्ण निकामी झाले की प्रत्यारोपण हा शेवटचा पर्याय उरतो. सीएफमध्ये दोन्ही फुप्फुसे बदलावी लागतात, कारण जुने एक ठेवले तर त्यातले जंतू नव्या फुप्फुसात शिरतात. नव्या फुप्फुसातल्या पेशींत दात्याचा निरोगी जनुक असतो, त्यामुळे तिथे सीएफ पुन्हा होत नाही. सायनस, आतडी आणि स्वादुपिंड मात्र रुग्णाचेच राहतात. पुढचा गुंता समजायला हा मुद्दा लक्षात असावा.

पीटीएलडी म्हणजे कॅन्सरच का?

कधी हो, कधी नाही. एका टोकाला टॉन्सिल आणि लसिकाग्रंथी सुजणे, ताप येणे एवढ्यावर थांबणारा प्रकार असतो. दुसऱ्या टोकाला पूर्ण वाढलेला लिम्फोमा असतो. मध्ये अनेक पायऱ्या आहेत. नेमकी पायरी कोणती, हे गाठीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही.

मूळ गुन्हेगार बहुतेक वेळा ‘एपस्टाइन-बार व्हायरस’, म्हणजे ईबीव्ही. अँथनी एपस्टाइन, इव्होन बार आणि बर्ट अचोंग यांनी १९६४ मध्ये तो शोधला, तोही आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका लिम्फोमाच्या पेशींमध्ये. माणसात कॅन्सरशी नाते जोडला गेलेला हा पहिला विषाणू. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो, तुमच्या-माझ्याही असण्याची शक्यता दाट आहे. तो लाळेतून पसरतो आणि एकदा आला की ‘बी’ प्रकारच्या पांढऱ्या पेशींत कायमचा मुक्काम करतो. निरोगी शरीरात ‘टी’ पेशी त्याच्यावर चोवीस तास नजर ठेवून असतात. विषाणू असलेली बी पेशी वाढू लागली की टी पेशी तिला संपवतात.

प्रत्यारोपणानंतरची औषधे, म्हणजे टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड, नेमकी या टी पेशींनाच दाबतात. त्याशिवाय परके फुप्फुस टिकत नाही. नजर ठेवणारे झोपले की बी पेशी वाढत सुटतात. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमधील लिम्फोमाकडे १९६९ मध्येच इस्रायल पेन आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधले होते. थॉमस स्टार्झल यांच्या चमूने १९८४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये दाखवले की ही औषधे कमी केल्यावर काही रुग्णांच्या गाठी आपोआप विरघळतात. औषध कमी केल्याने गाठ जाणे हे ऐकायला उलटे वाटते, पण पीटीएलडीच्या उपचाराची पहिली पायरी आजही तीच आहे.

धोका नेमका कशाने वाढतो?

सर्वात मोठे कारण एका ओळीत सांगता येते : रुग्णाला आधी कधी ईबीव्ही झालेला नसणे आणि दात्याला तो झालेला असणे. रुग्ण ‘निगेटिव्ह’, दाता ‘पॉझिटिव्ह’. अशा जोडीत विषाणू नव्या फुप्फुसासोबतच शरीरात येतो आणि त्याला ओळखणारी एकही टी पेशी तिथे तयार नसते. ती तयार होण्याच्या काळातच औषधांचा मारा सर्वात जोरात सुरू असतो. पीटीएलडीचा धोका यामुळे अनेक पटींनी वाढतो.

दुसरे कारण अवयवाचेच. मूत्रपिंड प्रत्यारोपणात हा आजार साधारण १ ते २ टक्के रुग्णांत दिसतो, फुप्फुसात २ ते १० टक्के, तर आतड्याच्या प्रत्यारोपणात तो २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. फुप्फुसात आणि आतड्यात लसिका ऊती भरपूर असतात, म्हणजे दात्याच्या विषाणूयुक्त बी पेशीही भरपूर येतात. शिवाय फुप्फुस सतत बाहेरच्या हवेच्या संपर्कात असते, शरीर ते नाकारण्याची शक्यता जास्त, म्हणून औषधेही जास्त द्यावी लागतात.

तिसरे, औषधांची एकूण तीव्रता. टी पेशी थेट नष्ट करणारी अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिनसारखी इंजेक्शने, नकाराचे झटके मोडण्यासाठी पुन्हा पुन्हा द्यावे लागणारे जादा डोस, हे सगळे हिशेबात जमा होत जाते. बेलाटासेप्ट या औषधाच्या बाबतीत तर ईबीव्ही निगेटिव्ह रुग्णाला ते देऊच नये, असा इशारा अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरीसोबतच छापला गेला. सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या विषाणूबाबतही रुग्ण आणि दाता यांची अशीच विषम जोडी असेल तर धोका वाढतो, असे काही अभ्यास सांगतात.

मग सीएफचा वेगळा उल्लेख कशासाठी?

कारण वरची बरीचशी कारणे सीएफच्या रुग्णात एकत्र येतात. धूम्रपानाने किंवा फायब्रोसिसने फुप्फुस गेलेला माणूस प्रत्यारोपणापर्यंत पन्नाशी-साठी गाठतो. तोपर्यंत ईबीव्ही होऊन गेलेला असतो. सीएफचा रुग्ण मात्र किशोरवयात किंवा विशी-तिशीत तिथे पोहोचतो. पाश्चात्त्य देशांत, जिथे मुलांना हा विषाणू उशिरा गाठतो, यातले बरेच जण निगेटिव्ह निघतात.

दुसरा पेच पोटाचा. स्वादुपिंड आणि आतडी जुनीच असल्याने चरबी नीट शोषली जात नाही आणि टॅक्रोलिमससारखी औषधे शोषली जाण्याचे प्रमाणही बेभरवशाचे राहते. सीएफच्या रुग्णाला अनेकदा इतरांपेक्षा मोठा डोस लागतो. एक दिवस पातळी कमी, दुसऱ्या दिवशी जास्त. कमी झाली की फुप्फुस नाकारले जाण्याची भीती, जास्त झाली की टी पेशी गाढ झोपेत. त्यात या रुग्णांना बुरशीसाठी अॅझोल गटातली औषधे द्यावी लागतात, ती टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने वाढवतात. इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टीमचा पेपर दिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल : सेन्सर आठवड्यातून एकदा वाचायचा आणि इनपुट रोज बदलणारे.

सीएफ हा स्वतः धोका वाढवतो, की कमी वय आणि निगेटिव्ह चाचणी यांचाच तो परिणाम आहे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काही रुग्णालयांच्या नोंदींत सीएफच्या रुग्णांत, विशेषतः मुलांत, पीटीएलडी जास्त आढळला. वय आणि ईबीव्हीचा हिशेब वजा केल्यावर फरक किती उरतो, हा वादाचा भाग. रुग्णाच्या घरच्यांना मात्र या वादाचे उत्तर थांबून ऐकण्याची गरज नाही. तरुण, निगेटिव्ह, पोटाचा त्रास असलेला रुग्ण म्हणजे जास्त लक्ष, एवढे पुरेसे आहे.

कासूच्या घरात हा हिशेब कसा बदलतो?

पेण आणि नागोठणे यांच्या मध्ये असलेले कासू मुंबईकरांना दोनच कारणांनी माहीत असते : दिवा-रोहा गाडीचे स्टेशन आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या ‘पळस्पे ते कासू’, ‘कासू ते इंदापूर’ या वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या कामाच्या बातम्या. उदाहरण म्हणून समजा, इथल्या एका घरात सीएफ असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आहे आणि त्याचे नाव मुंबईत फुप्फुसाच्या प्रतीक्षा यादीत आहे.

पहिली गोष्ट त्याच्या बाजूची. आपल्याकडे ईबीव्ही फार लवकर होतो. एका पेल्याने पाणी पिणारी भावंडे, आजीने स्वतः चाखून भरवलेला भात, एका घरात तीन पिढ्या. बहुसंख्य मुलांना शाळेत जायच्या आधीच हा विषाणू गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो. त्यामुळे कासूचा मुलगा टोरंटोच्या मुलापेक्षा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच जास्त, म्हणजे या एका बाबतीत तो जास्त सुरक्षित. पण गृहीत धरू नये. सीएफच्या मुलाला संसर्गाच्या भीतीने घरचे इतरांपासून जपतात, वेगळे ताट, वेगळा पेला. असे जपलेले मूल निगेटिव्हही राहू शकते. चाचणीतही एक खाच आहे : लहान बाळात आईकडून आलेली आणि रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर दात्यांकडून आलेली प्रतिपिंडे खोटा ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकतात.

दुसरी गोष्ट रस्त्याची. दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस साधारण ४ ते ६ तासांत बसवावे लागते. फोन आला की निघायचे. म्हणून अनेक कुटुंबे प्रतीक्षा यादीत नाव गेल्यावर रुग्णालयाजवळ भाड्याने राहतात. प्रत्यारोपणानंतरही रस्ता सुटत नाही. टॅक्रोलिमसची पातळी तपासायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या गोळीनंतर १२ तासांनी, द्यायचे असते. पहाटे कासूहून निघून वाटेत सवयीने गोळी घेतली तर अख्खा दिवस फुकट, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या आकड्यावर डोस ठरतो. नमुना जवळच्या गावात घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय करता येते का, हे प्रत्यारोपण समन्वयकाला विचारावे. बहुतेक वेळा मार्ग निघतो.

तिसरी गोष्ट पपनसाची. गणपतीत कोकणात पपनस घरोघरी असते. ग्रेपफ्रूटचेच हे भावंड, आणि ग्रेपफ्रूटप्रमाणेच ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवू शकते. जपानी डॉक्टरांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णात हे नोंदवलेले आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने पपनस टाळायचे. नैवेद्याचेही.

लक्षणे टीबीसारखी, आणि खरा घोळ इथेच

महिनाभर बारीक ताप, वजन उतरणे, रात्री घाम, मानेत गाठ. आपल्या भागातला कोणताही डॉक्टर आधी टीबीचा विचार करेल, आणि त्यात त्याचे चुकत नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला टीबीही होऊ शकतो. पण तपासणीआधीच अंदाजाने टीबीची औषधे सुरू केली तर दुहेरी नुकसान होते. पीटीएलडी असेल तर त्याचे निदान लांबते. आणि टीबीच्या औषधांमधील रिफाम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस वेगाने मोडायला लावते. काही दिवसांत त्याची पातळी कोसळते आणि शरीर नवे फुप्फुस नाकारू लागते. उलट दिशेचे उदाहरण क्लॅरिथ्रोमायसिन या साध्या अँटिबायोटिकचे. खोकल्यासाठी सहज लिहिले जाते, पण त्याने टॅक्रोलिमस वाढते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. गावात कुठलेही नवे औषध लिहून मिळाले की पहिली गोळी घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला फोन किंवा व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो.

पीटीएलडी कुठे दिसतो, हेही काळावर अवलंबून असते. पहिल्या वर्षात तो अनेकदा नव्या फुप्फुसातच गाठींच्या रूपात येतो. दम लागतो, फुंकण्याच्या चाचणीचा आकडा घसरतो, आणि हे नकाराचेच लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. समजून चुकून स्टेरॉइड वाढवले तर आगीत तेल. काही वर्षांनी येणारा पीटीएलडी बहुधा पोटात, आतड्यात असतो. सीएफच्या रुग्णाला पोटदुखी आणि आतडी तुंबणे नवे नसते, त्यामुळे ‘नेहमीचेच आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. शौचातून रक्त किंवा नेहमीपेक्षा वेगळी पोटदुखी असेल तर दुर्लक्ष नको. सीएफमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही जास्त असतो. अमेरिकेतील सीएफ फाउंडेशनची शिफारस आहे की सीएफच्या रुग्णांची कोलोनोस्कोपी ४० व्या वर्षी, आणि प्रत्यारोपण झाले असेल तर ३० व्या वर्षापासूनच सुरू करावी.

रक्तातील ईबीव्हीचे प्रमाण पीसीआरने मोजता येते आणि धोका जास्त असलेल्यांत पहिल्या वर्षी ते ठरावीक अंतराने मोजतात. पण हा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो वाढूनही आजार नसू शकतो आणि शून्य असूनही असू शकतो. उशिरा येणाऱ्या अनेक पीटीएलडींत ईबीव्ही नसतोच. पेट-सीटीने जागा कळते, बायोप्सीने नाव.

उपचार : औषध कमी करायचे, पण किती?

मूत्रपिंड प्रत्यारोपणात औषध फार कमी केले आणि मूत्रपिंड गेले, तर डायलिसिसवर माणूस जगतो. फुप्फुसाला डायलिसिस नाही. त्यामुळे स्टार्झल यांची युक्ती फुप्फुसाच्या रुग्णात हात राखून वापरावी लागते. गाठ विरघळवता विरघळवता फुप्फुस गमावणे, ही या आजारातली सर्वात क्रूर शक्यता. डॉक्टर बहुधा मायकोफेनोलेट बंद करतात, टॅक्रोलिमस थोडे उतरवतात आणि फुंकण्याच्या चाचणीवर डोळा ठेवून थांबतात.

पुढची पायरी रिटक्सिमॅब. बी पेशींवरच्या ‘सीडी २०’ या खुणेला चिकटून हे इंजेक्शन त्या पेशी संपवते. त्यावर गाठ पूर्ण गेली तर केमोथेरपी टळू शकते. नाही गेली तर ‘चॉप’ नावाची केमो जोडतात. इथे भारताची बाजू बरी आहे. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने २००७ मध्ये रिटक्सिमॅबची देशी आवृत्ती आणली, तेव्हापासून हे औषध मध्यमवर्गाच्या थोडे तरी जवळ आले.

या सगळ्याला न जुमानणाऱ्या ईबीव्ही-पीटीएलडीसाठी टॅबेलेक्ल्युसेल नावाचा पेशी-उपचार आहे. निरोगी दात्याच्या, ईबीव्ही ओळखायला शिकवलेल्या टी पेशी रुग्णाला देतात, म्हणजे पहारेकरीच बाहेरून आणायचे. युरोपने त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती उपचारांना दाद न देणाऱ्या बी पेशींच्या कॅन्सरसाठी आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णात असे उपचार अजून मोजक्याच ठिकाणी आणि जपून होतात. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र, ‘अॅक्ट्रेक’, रायगड जिल्ह्यातच आहे. कासूच्या कुटुंबासाठी लिम्फोमाचा सल्ला परळपर्यंत न जाताही मिळू शकतो, पण त्या डॉक्टरांचा आणि प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांचा एकमेकांशी थेट संवाद हवा. रुग्णाच्या वडिलांनी फाइल घेऊन दोघांमध्ये निरोप्यासारखे फिरणे पुरेसे नाही.

मुळात प्रत्यारोपणच टळले तर?

श्रीमंत देशांत ते टळू लागले आहे. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर या तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली. ती बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावते. त्यानंतर तिथे सीएफसाठी होणारी फुप्फुस प्रत्यारोपणे झपाट्याने घटली. बाजारात आली तेव्हा तिची तिथली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त होती. ‘एफ ५०८ डेल’ हा बदल असलेल्यांवर ती सर्वाधिक उपयोगी, आणि भारतीय रुग्णांत तो पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी आढळतो. म्हणजे किंमत परवडली तरी प्रत्येकाला ती लागू पडेलच असे नाही. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सीएफचा समावेश आहे आणि मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईत असे केंद्र केईएम रुग्णालयात आहे. निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबाने तिथे एकदा जनुकीय अहवाल घेऊन जावे.

प्रत्यारोपणाचाच मार्ग असेल तर दोन अहवाल फाइलमध्ये सर्वात वर लावावेत. एक रुग्णाचा ईबीव्ही अहवाल, शस्त्रक्रियेच्या आधीचा. दुसरा दात्याचा. शस्त्रक्रियेच्या रात्री घाई असते. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचे निकाल आधी येतात, ईबीव्हीचा निकाल मागून येऊ शकतो. त्या गडबडीत तो कुणी विचारत नाही. आयसीयूतून वॉर्डात आल्यावर समन्वयकाला विचारायचे : दात्याचा ईबीव्ही काय आला? दात्याची ओळख गोपनीय असते, हा अहवाल नाही.